विरघळलेला रंग, तरंगणारा रंग

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही उष्णतेची दोन मुख्य उगमस्थाने असतात, आणि ती उष्णता पंख्याच्या वाऱ्याऐवजी पाण्यावाटे बाहेर नेण्यासाठी जी बंदिस्त व्यवस्था बसवली जाते, तिला जुळणी करणाऱ्यांच्या बोलीत 'लूप' म्हणतात. तापणाऱ्या चिपवर घट्ट बसणारा तांब्याचा पोकळ ठोकळा म्हणजे वॉटर ब्लॉक, पाणी फिरवणारा पंप, पाण्याचा साठा धरणारी छोटी टाकी आणि पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर, एवढ्या भागांनी लूप पुरा होतो. या भागांना जोडणाऱ्या नळ्या बहुधा पारदर्शक असतात, कॅबिनेटची एक बाजू काचेची असते, आत दिवे असतात, आणि मग त्या नळ्यांतले पाणी रंगीत असावे अशी इच्छा होणे स्वाभाविकच आहे. ती इच्छा पुरी करावी की नाही, आणि करायची तर कशी, हा या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न दोन प्रकारची माणसे दोन टोकांकडून पाहतात. पहिला लूप बांधणारा: नळ्या गरम करून वाकवणे, कोन जुळवणे, पाणी भरणे आणि काच लावून यंत्र ग्राहकाच्या हाती देणे हे त्याचे काम, त्यामुळे पाणी त्याला नेहमी पहिल्या दिवसाचे दिसते. दुसरा लूप उघडणारा: वर्ष-दोन वर्षांनी तापमान चढू लागले, पाणी गढूळ झाले किंवा पंप आवाज करू लागला की तेच यंत्र त्याच्या टेबलावर येते, आणि त्याला पाणी नेहमी शेवटच्या दिवसाचे दिसते. पुढील संवादातले हे दोघे कोणी ठरावीक इसम नसून या दोन कामांतून घडलेल्या दोन दृष्टी आहेत. बांधणारा वयाने लहान असल्याने उघडणाऱ्याला काका म्हणतो, आणि उघडणारा त्याच्या कामाचा मान राखून त्याला अहो-जाहो करतो.

बांधणारा : काका, रंगाने थंडावा कमी होतो ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ४.१८ ज्यूल आहे, आणि एक लिटर पाण्यात रंगाचे काही थेंब घातल्याने ती जाणवण्याइतकी हलत नाही. दोन्ही चिपा मिळून ४०० वॅट उष्णता सोडत असतील आणि पंप मिनिटाला ४ लिटर पाणी फिरवत असेल, तर ती सगळी उष्णता पोटात घेऊनही पाणी एका फेरीत जेमतेम दीड अंशाने तापते. पाणी निळे असो, लाल असो वा नितळ असो, हे गणित तेच राहते.

उघडणारा : गणित बरोबर आहे आणि त्यावर वाद नाही. तयार मिळणाऱ्या अनेक द्रवांत गोठणरोधक म्हणून ग्लायकॉल असते. त्याची उष्माधारकता पाण्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक आणि श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा द्रवाचा आतला विरोध, कितीतरी पट जास्त. फरक पडला तर त्याने पडतो, रंगाने नाही. हरकत उष्णतेची नाहीच. हरकत अशी की पाण्यात जे टाकले ते कधी ना कधी कुठेतरी जाऊन बसते, आणि लूपमध्ये बसण्याची पहिली जागा नेमकी तीच, जिथे काहीही बसायला नको.

ती जागा जवळून पाहण्यासारखी आहे. वॉटर ब्लॉकचे स्क्रू सोडवून अॅक्रिलिकचे झाकण उचलले की खाली तांब्याचा, बहुधा निकेलचा मुलामा दिलेला तळ दिसतो, आणि त्याच्या मध्यभागी, टपाल तिकिटाएवढ्या जागेत, धातूतूनच कापून काढलेल्या बारीक पात्या ओळीने उभ्या असतात. त्यांना फिन म्हणतात. दोन फिनांमधली फट साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीच्या आसपास असते. वरच्या पत्र्यातल्या एका अरुंद चिरेतून पाणी धारेने या फटींवर आदळते आणि दोन्ही बाजूंना फुटून निघते, म्हणून गाळ धरतो तोही बहुधा या चिरेखालीच, एका सरळ रेषेत. अपारदर्शक पांढऱ्या द्रवावर दीर्घकाळ चाललेला आणि बिघडलेला ब्लॉक उघडला, तर त्या रेषेवर खडूच्या लगद्यासारखा थर असतो; बोटाने पुसल्यावर वरचा थर निघतो, पण फटींत दाबून बसलेला भाग कोमट पाण्याच्या धारेखाली, मऊ ब्रशने, फिनांच्याच दिशेने घासत काढावा लागतो, आणि ब्रश आडवा फिरला तर पात्या वाकतात.

बांधणारा : पण काका, मोटारगाड्यांच्या रेडिएटरमधले पाणी कित्येक दशके हिरवे, नारिंगी, गुलाबी, निळे असते, आणि तिथे रंगाने नळ्या तुंबल्या असे कोणी गॅरेजवाला म्हणत नाही. फ्लुओरेसीन या हिरव्या-पिवळ्या रंगाचा एक रेणू सुमारे एक नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा असतो, ०.३ मिलिमीटरच्या फटीत असे तीन लाख रेणू शेजारी शेजारी उभे राहतील. पाण्यात रेणूरेणूने पसरलेला पदार्थ त्या फटीत अडकणार कसा?

उघडणारा : तो नाही अडकणार. पण ब्लॉकमधून निघालेला तो पांढरा लगदाही कोणीतरी रंग म्हणूनच विकला होता आणि कोणीतरी रंग म्हणूनच भरला होता.

या वादाचा सगळा गुंता इथेच आहे. मराठीत रंग हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी चालतो, त्यामुळे बांधणारा एका वस्तूची बाजू मांडत असतो, उघडणारा दुसऱ्या वस्तूवर हरकत घेत असतो, आणि दोघांनाही आपला मुद्दा समोरच्याला पटत कसा नाही याचे नवल वाटते. शास्त्रीय परिभाषेत पहिली वस्तू म्हणजे रंजक: हा पाण्यात पूर्ण विरघळतो आणि त्याचे द्रावण बनते. दुसरी वस्तू म्हणजे रंगद्रव्य: हे विरघळत नाही, याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात, आणि कण फार बारीक असतील तर त्या मिश्रणाला कलिल, भरड असतील तर निलंबन म्हणतात.

स्वयंपाकघरात हा भेद रोज नजरेखालून जातो. गाळलेले कोकमाचे आगळ पाण्यात घातले की तांबडा रंग सगळीकडे सारखा पसरतो, पेल्याच्या पलीकडची बोटे त्यातून दिसतात, आणि पेला तसाच ठेवला तरी रंग काही तळाशी उतरत नाही. हळद पाण्यात ढवळली की पाणी पिवळे दिसते खरे, पण थोड्याच वेळात पूड खाली बसू लागते, कारण हळदीतले पिवळे द्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सोलकढी या दोहोंच्या मधली: तिच्यात कोकमाचा रंग विरघळलेला असतो, पण तिचा गुलाबी दुधाळपणा नारळाच्या दुधातल्या स्निग्ध थेंबांमुळे येतो, आणि ती काही वेळ न ढवळता ठेवली की दाट भाग वर आणि पाणी खाली अशी फुटते. 'पेस्टल' म्हणून ओळखले जाणारे अपारदर्शक द्रव या सोलकढीच्या जातीचे आहेत, तर साधे पारदर्शक रंगीत द्रव कोकम सरबताच्या.

अपारदर्शक द्रव अधिक काळजीने बनवला की हा दोष पूर्णपणे जाईल असे मानणे चुकीचे ठरते, कारण त्याचा दुधाळपणा आणि त्याचे खाली बसणे ही एकाच गुणाची दोन रूपे आहेत. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते, आणि प्रकाश सर्वांत जोमाने विखुरतात ते कण या लांबीच्या सुमारे निम्म्या आकाराचे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरचे ठेवतात ते याच कारणाने. कण याहून फारच बारीक केले तर ते पाण्यात अधिक सुखाने राहतील, पण मग पाणी दुधाळ दिसणार नाही. आता अशा ०.२ मायक्रोमीटरच्या, पाण्याच्या चौपटीहून जड असलेल्या कणाचा वेग काढला, तर जॉर्ज स्टोक्स याने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार तो स्थिर पाण्यात दिवसाला सहा-सात मिलिमीटर खाली उतरतो. पंप चालू असताना एवढे उतरणे नगण्य असते. पण त्याच नियमाप्रमाणे हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून कण एकमेकांना चिकटून दहापट व्यासाचा घट्ट गोळा झाला तर तो शंभरपट वेगाने बसेल. गोळा सैल असला तर वेग काहीसा कमी भरेल, पण खाली बसण्याची दिशा तीच राहील. म्हणून अपारदर्शक द्रवाचे आयुष्य ठरते ते त्याचे कण एकमेकांपासून किती काळ दूर राहतात यावर.

बांधणारा : ते दूर राहावेत म्हणूनच कणांना विद्युतभार असतो किंवा त्यांच्यावर वेष्टन चढवलेले असते, सारखा भार असलेले कण एकमेकांना ढकलतात आणि गोळा होत नाहीत. चांगल्या द्रवात ही व्यवस्था महिनोन्‌महिने टिकते.

उघडणारा : बाटलीत टिकते. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर काय होते ते आठवा. मातीचे कणही ऋणभारित असतात, म्हणूनच ते दिवसचे दिवस तरंगत राहतात. तुरटीतले तिहेरी धनभाराचे अॅल्युमिनियम आयन तो भार मारतात, कण एकत्र येतात, आणि हंडा निवळतो. तुमच्या लूपमध्ये तुरटी कोणी मुद्दाम फिरवत नाही, पण नव्या रेडिएटरमध्ये डाख देताना वापरलेल्या फ्लक्सचे आम्लधर्मी अवशेष असतात, धातूंतून सुटलेले आयन असतात, आणि पातळी कमी झाली म्हणून ग्राहकाने नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतले तर कॅल्शियम-मॅग्नेशियमही येते. ही सगळी थोड्याफार प्रमाणात तुरटीचेच काम करतात.

बोअरच्या पाण्याचा हा उल्लेख महाराष्ट्रात विशेष लागू पडतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ते पिण्याला चालले तरी लूपला चालत नाही. लूपमध्ये ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले, किंवा आयनमुक्त केलेले पाणीच घालावे लागते. हे पाणी आपल्याकडे बॅटरीच्या दुकानात मिळते, मात्र वापरलेल्या बॅटरीशेजारी उघडी पडलेली बाटली कधी घेऊ नये. तिच्यात आम्लाचा एखादा थेंब गेला असेल तर वर सांगितलेली सगळी कारणमालिका त्या थेंबापासूनच सुरू होते.

बांधणाऱ्याने इथे माघार घेतली असे मात्र नाही. अपारदर्शक द्रव भरायचाच असेल तर नवा रेडिएटर गरम आयनमुक्त पाण्याने पुन्हा पुन्हा हलवून, बाहेर येणारे पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत धुवावा, आधीच्या द्रवाचा अंशही लूपमध्ये राहू देऊ नये आणि दोन कंपन्यांचे द्रव कधी मिसळू नयेत, हे नियम तो स्वतःच पाळतो आणि ग्राहकालाही सांगतो. त्याच्या दृष्टीने ही किंमत आहे, आणि ती आधी सांगून घेतली तर ती मोजण्याचा हक्क ग्राहकाला असतो. ढगांसारखे लोट फिरताना दिसावेत म्हणून चमकते कण घातलेले जे द्रव निघाले, उदाहरणार्थ ब्रिटनमधील मेहेम्स कंपनीचा ऑरोरा, ते तर प्रदर्शनासाठी आणि छायाचित्रांसाठीच आहेत, रोजच्या वापरासाठी नाहीत, असे बनवणारेच सांगतात. या प्रामाणिकपणाबद्दल उघडणाऱ्याची काहीच तक्रार नाही. चित्रीकरणाच्या दिवशी भरून दुसऱ्या आठवड्यात उपसलेला द्रव त्याच्या टेबलापर्यंत येत नाही.

बांधणारा : काका, आता रंगाच्या बाजूने खरा मुद्दा ऐका. लूप ही या यंत्रातली एकमेव गोष्ट आहे जी माणसाला डोळ्यांनी कळते. चिपमध्ये काय चालते ते दिसत नाही, तारांतली वीज दिसत नाही. पण उष्णता इथून निघाली, या नळीने गेली, तिथे सोडली गेली, हे रंगीत पाणी एका नजरेत सांगते. १९८५ मध्ये क्रे-२ हा महासंगणक आला, तेव्हा त्याचे विद्युतमंडल फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात पूर्ण बुडवलेले होते आणि शेजारच्या पारदर्शक स्तंभांत तो द्रव खळाळताना दिसत असे; लोकांनी त्या यंत्राला 'बबल्स' हे टोपणनाव दिले, म्हणजे बुडबुडे. यंत्राचे थंड होणे पाहण्याजोगे असते हे तेव्हाच कळले होते.

उघडणारा : आणि तो द्रव पूर्णपणे रंगहीन होता. त्याला पाहण्याजोगे केले ते स्तंभाच्या काचेने, प्रकाशाने आणि बुडबुड्यांनी.

बांधणारा : तिथे बुडबुडे होते म्हणून रंग लागला नाही. भरलेल्या लूपमध्ये बुडबुडा उरत नाही, उरू द्यायचाही नसतो. नितळ पाण्याने भरलेली काचेसारखी नळी आणि रिकामी नळी यांत दोन हातांवरून फरक कळत नाही. टाकीतली पातळी खाली गेली तरी नितळ पाण्यात ती लक्षात यायला उशीर लागतो. आणि गळती? यंत्र ग्राहकाला देण्यापूर्वी फक्त पंपाला वीज देऊन, प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू ठेवून लूप तासन्‌तास चालवतात. नितळ पाण्याचा थेंब टिश्यूवर पडून सुकला तर मागमूस राहत नाही, निळा थेंब सुकला तरी डाग ठेवतो. पाण्याचा माग काढायला रंगासारखे साधन नाही.

बांधणाऱ्याच्या या शेवटच्या वाक्याला विज्ञानाच्या इतिहासाचा भक्कम आधार आहे. अडोल्फ फॉन बायर याने १८७१ मध्ये फ्लुओरेसीन तयार केले आणि सहाच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिण जर्मनीत इमेंडिंगेनजवळ जिथे डॅन्यूब नदीचे पाणी जमिनीत लुप्त होते तिथे या रंगाचे सुमारे १० किलो द्रव्य ओतले गेले. साधारण ६० तासांनी, बारा किलोमीटरांच्या आसपास अंतरावरचा आख नदीचा उगमझरा झळाळत्या हिरव्या रंगाने वाहू लागला, आणि डॅन्यूबचे हरवलेले पाणी जमिनीखालून ऱ्हाईनच्या खोऱ्यात जाते हे सिद्ध झाले. अतिनील दिव्याखाली हिरव्या रंगाने उजळणाऱ्या द्रवांमागेही हेच तत्त्व आहे: असा रंजक डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो आणि दिसणारा प्रकाश सोडतो, म्हणून त्याचा अत्यल्प अंशही नजरेत भरतो. मात्र सूर्यप्रकाशात फ्लुओरेसीन लवकर विटते, त्यामुळे खिडकीजवळ ठेवलेल्या यंत्रात असा रंग फार टिकण्याची अपेक्षा ठेवू नये.

उघडणारा : माग काढण्याचा मुद्दा मान्य. पण रंग जसे दाखवतो तसेच झाकतोही, आणि या धंद्यातली सगळ्यात मोठी हरकत हीच आहे. नितळ पाणी खोटे बोलत नाही. त्यात किंचित हिरवट-निळी झाक आली तर तांबे सुटू लागले, म्हणजे क्षरण सुरू झाले. धुरकटपणा आला तर मऊ पीव्हीसी नळीतले तेलकट द्रव्य, जे तिला लवचीक ठेवण्यासाठी घातलेले असते, ते पाण्यात उतरू लागले. धागे दिसले तर शेवाळ किंवा बुरशी. या तिन्ही खुणा पहिल्या महिन्यात दिसल्या तर काम एका तासाचे असते. निळ्याशार पाण्यात त्या दिसतात सहा महिन्यांनी, जेव्हा निकेलचा मुलामा सोलून निघालेला असतो.

ही हरकत आधीच्या सगळ्या हरकतींपेक्षा वजनदार आहे, कारण ती विरघळलेल्या, निरुपद्रवी रंजकालाही लागू पडते. शिवाय रंग बदलणे हीसुद्धा रंजकांची प्रकृती आहे. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे कुंकू बनवणाऱ्यांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. आम्ल आणि अल्क यांच्या प्रमाणानुसार, म्हणजे ज्याला सामू म्हणतात त्यानुसार, अनेक रंजकांची छटा किंवा चमक बदलते, आणि सामू पुरेसा घसरला की फ्लुओरेसीनचे उजळणेही मंदावते. त्यामुळे लूपमधला निळा रंग हिरवट झाला तर तो तांब्यामुळे, आम्लतेमुळे की प्रकाशाने विटल्यामुळे, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

घरगुती रंगांचा प्रश्न थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यावर दोघांचे एकमत आहे. खाण्याच्या रंगाच्या पुडीत रंजकाबरोबर बहुधा मीठ, साखर किंवा डेक्स्ट्रिनसारखा भरणा असतो, त्यातले मीठ धातूला खड्डे पाडते आणि साखर जंतूंचे खाद्य होते. रंगपंचमीचे रंग आणि पेनातली शाई यांचा तर विचारही करू नये. मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, गोष्ट थोडी वेगळी. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात ज्या गुणासाठी मोरचूद वापरतात त्याच बुरशीनाशक गुणासाठी काही जण त्याचे अगदी थोडे प्रमाण लूपमध्ये घालत आले आहेत, आणि त्याची निळी झाक आयतीच मिळते. पण लूपमध्ये कुठेही अॅल्युमिनियम असेल तर तांबे त्यावर बसते, अॅल्युमिनियम विरघळते, आणि रेडिएटरला भोके पडतात. मेथिलीन ब्लू हा १८७६ मध्ये तयार झालेला रंजकही असाच दुहेरी गुणाचा आहे: मासे पाळणारे तो बुरशीवर औषध म्हणून वापरतात, पण तो ज्याला लागतो त्याला निळे करून सोडतो, मग ती नळी असो वा बोटे.

उघडणारा : मग असे का करू नये: पाणी नितळ ठेवा, त्यात फक्त गंजरोधक आणि जंतुनाशक घाला, आणि नळीच रंगीत घ्या. किंवा टाकीमागे रंगीत दिवा लावा. दिवा बदलला की रंग बदलला, एक थेंबही न उपसता.

बांधणारा : पारदर्शक रंगासाठी हे चालते, आणि अनेकदा तसेच केले जाते. पण रंगीत नळीत वॉटर ब्लॉक नितळच राहतो, टाकी नितळच राहते, आणि डोळ्याला पाण्याचा प्रवास तुटक दिसतो. रंग नळीपाशी सुरू होतो आणि नळीपाशी संपतो. ग्राहकाला हवा असतो तो एकच अखंड प्रवाह.

बांधणाऱ्याचे हे उत्तर सौंदर्यदृष्टीचे आहे म्हणून कमी मोलाचे ठरत नाही. पण त्यातूनच अपारदर्शक द्रवाविरुद्ध एक युक्तिवाद उभा राहतो, जो या दोघांच्याही बोलण्यात आला नाही. चमकत्या कणांचे प्रदर्शनी द्रव सोडले, तर पूर्ण भरलेल्या लूपमध्ये पाण्याची गती कोणत्याच रंगात दिसत नाही. दिसतो तो फक्त मार्ग. पारदर्शक रंगात निदान खोली दिसते, टाकीच्या तोंडाशी पाण्यावर उठणारी थरथर दिसते, ब्लॉकच्या झाकणाखालचे फिन दिसतात. दुधाळ द्रवात यांपैकी काहीच दिसत नाही. रंगवलेली भरीव कांडी आणि पेस्टल भरलेली नळी यांत डोळ्याला भेद उरत नाही. पाण्याचे काम दाखवण्यासाठी जे घातले, तेच पाण्याला झाकते, आणि त्यासाठी फिनांच्या फटींचा धोका पत्करावा असे समर्थन प्रस्तुत लेखाला सापडत नाही. पंपाचीही बाजू हीच आहे: लूपमध्ये सर्रास दिसणाऱ्या डी५ जातीच्या पंपाचे फिरते चाक एका छोट्या गोळीवर टेकून फिरते आणि त्या गोळीला वंगण मिळते ते लूपमधल्या द्रवाचेच, म्हणून द्रवात जे तरंगते ते त्या गोळीखालूनही जाते.

विरघळलेल्या रंजकाला मात्र जागा आहे, फक्त समोरचा द्रव खरोखर विरघळलेला आहे याची खात्री हवी, आणि ती बाटलीच्या लेबलावरून होत नाही. त्यासाठी साधा लाल लेझर पुरतो. अंधाऱ्या खोलीत बाटलीतून किरण सोडला असता द्रावणात त्याची रेघ दिसत नाही, कलिलात ती ठसठशीत दिसते, कारण तरंगणारे कण प्रकाश बाजूला विखुरतात. याला टिंडल परिणाम म्हणतात. निळा किंवा पांढरा दिवा इथे फसवू शकतो, कारण फ्लुओरेसीनसारखा रंजक त्या प्रकाशाने स्वतःच उजळतो आणि द्रावण असूनही रेघ उमटते. लाल प्रकाशाने तो उजळत नाही. गर्द निळा द्रव लाल किरण गिळून टाकतो, म्हणून तो आधी पाण्याने पातळ करून मग तपासावा.

राहिली ती उघडणाऱ्याची मोठी हरकत, की रंग खुणा झाकतो. तिला उत्तर बांधणाऱ्याकडून आले, आणि ते उघडणाऱ्याला पटले.

बांधणारा : काका, लूप भरताना त्याच द्रवातले ५० मिलिलिटर एका स्वच्छ बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, तारीख लिहून, कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या भागाच्या, कप्प्यात अंधारात ठेवले तर? दर दोन-तीन महिन्यांनी ती बाटली टाकीशेजारी, मागे पांढरा कागद धरून पाहायची.

उघडणारा : मग बरेच काही कळेल. टाकीतला रंग बाटलीपेक्षा फक्त फिका असेल तर तो उजेडाने विटला, काळजी नाही, दिवे कमी करा. छटाच बदलली असेल तर लूपमध्ये धातू सुटतो आहे किंवा आम्लता वाढली आहे, त्याच आठवड्यात उपसा. बाटलीतही गाळ बसला असेल तर द्रवच टिकाऊ नव्हता. बाटली स्वच्छ आणि टाकीत गाळ असेल तर रेडिएटर नीट धुतला गेला नव्हता.

बांधणारा : आणि पातळी भरायलाही त्याच बाटलीतले घ्यायचे?

उघडणारा : नाही. ती बाटली उघडायची नाही. पातळी भरायला दुसरी ठेवा, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: नळाचे पाणी घालू नये.